पाझरचा नवा इनलायनर

३ फेब्रुवारी, मंगळवार
सुर्वेसाहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं. शिरोलीच्या फाउंड्रीत नवी भट्टी लागली, तपासणीची रीडिंगं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतात, आणि त्यात काय किती मिसळायचं याचं उत्तर आपला प्रोग्रॅम देईपर्यंत वितळलेलं लोखंड नुसतं धरून ठेवावं लागतं. त्या लोकांनी दोनदा तक्रार केली. जोतिबाच्या यात्रेला भट्टी बंद राहील, ती परत पेटेल तेव्हा शेवटची चाचणी. जमलं तर ठीक. नाहीतर प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ती पाझर गुंडाळायची आणि सगळं दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहायचं. ‘कंपनी काढलीय मी, भाषेचं देऊळ नाही.’

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाझर हळू नाहीच मुळी, तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा, भित्रा आहे. कुठे भितो तेही मला माहीत आहे. तो भाग परत लिहायला कधीपासून हात शिवशिवत होते. आता साहेबांनीच ढकललं.

४ फेब्रुवारी
महेश दुपारी घरी जेवायला आला, हाताला अजून डेटॉलचा वास. वडणग्यात कुणाच्या तरी म्हशीचं रेडकू पोटात आडवं होतं, सुटली म्हणाला. मग ताटावर बसल्या बसल्या विचारलं, तू नक्की काय करणार आहेस ते मला कळेल असं सांग, उद्या कुणी विचारलं तर मी नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हणतो.

सांगितलं. प्रोग्रॅम म्हणजे छोटी छोटी फंक्शनं. एक दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं उत्तर आणून देतं. प्रत्येक हाकेला थोडा वेळ जातो. इनलाइन करणं म्हणजे हाक न मारता त्या फंक्शनचा मजकूरच हाकेच्या जागी उतरवायचा. जाणं-येणं वाचतं हा लहान फायदा. मोठा फायदा असा, की दोन मजकूर शेजारी आले की कंपायलरला दिसतं, यातलं अर्धं काम नकोच होतं.

‘मग सगळंच उतरवून टाक.’
सगळं उतरवलं तर प्रोग्रॅम फुगतो. आणि जे काम एकदा करून ठेवलं असतं ते काही ठिकाणी हजारदा व्हायला लागतं.
‘म्हणजे कुठं उतरवायचं आणि कुठं नाही, एवढंच ठरवायचंय.’
एवढंच. हे ठरवणारा कंपायलरचा भाग म्हणजे इनलायनर, तो मी नव्यानं लिहिणार.

७ फेब्रुवारी, शनिवार
जयसिंगपूर. इनामदार सरांकडे.

फोनवर सांगता आलं असतं, पण पाझर त्यांची. कॉलेजात आम्हाला शिकवत होते तेव्हापासून एकट्यानं रचलेली. नावही त्यांनीच ठेवलं: लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढंच पाझरायचं, आधीच सगळं उपसून ठेवायचं नाही. आणि लायब्ररीतल्या एकेका फंक्शनवर त्यांनी हातानं खूण केलीय. ‘उघडं’ असेल ते इनलाइन होतं, ‘झाकलेलं’ असेल ते नाही. प्रत्येक खूण मोजून-मापून, निवृत्तीनंतरची वर्षंच्या वर्षं. मी म्हटलं, सर, या खुणा मी काढणार आहे. कुठलं उतरवायचं ते कंपायलर स्वतः ठरवेल.

चहा पीत होते. कप ठेवला. प्रोग्रॅम फुगेल म्हणाले, अवाढव्य होईल. मी म्हटलं, फुगणार नाही, उलट आटेल. आणखी दोन शंका काढल्या, दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती.
‘तू मला विचारायला आलीस की सांगायला?’
‘सांगायला, सर.’
‘मग भडंग खा आणि गाडी गाठ.’

भडंग खाल्लं. निघताना फाटकापर्यंत आले नाहीत. एरवी येतात.

९ फेब्रुवारी
खुणा काढल्या. सकाळी चहाच्या आधीच, नाहीतर दिवसभर काढू का नको करत बसले असते. जुना कंपायलर जसाच्या तसा बाजूला ठेवलाय, उत्तरं ताडून बघायला.

१२ फेब्रुवारी
रचना ठरली. आधी मोजणी: कुठलं नाव किती ठिकाणी वापरलंय. कुठेच नाही तर टाकून द्या. एकाच ठिकाणी असेल तर तिथे उतरवा, फुगण्याचा प्रश्नच नाही. अनेक ठिकाणी असेल तर आकार बघा. पण ज्या फंक्शनचा मजकूर पुन्हा पुन्हा चालतो त्याच्या पोटात महागाचं काम ढकलायचं नाही, म्हणून प्रत्येकावर शिक्का: ‘एकदाच चालणार’ किंवा ‘अनेकदा चालणार’. मग उतरवण्याच्या फेऱ्या, जोवर काही बदलतंय तोवर.

मोजणीला वेळ लागतो म्हणून ती सुरुवातीला एकदाच.

हात भराभर चालतोय. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

१७ फेब्रु.
आज कंपायलरनं पहिल्यांदा स्वतःलाच कंपाइल केलं. म्हणजे नव्या इनलायनरनं नवा इनलायनर. चाललं. मी एकटीच ऑफिसच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले, खाली राजारामपुरीतली संध्याकाळची गर्दी, कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं.

२० फेब्रुवारी
आमच्या सगळ्या नमुना-प्रोग्रॅमांवर वेग वाढला. आकारही कमीच झाला, म्हणजे मी म्हटलं होतं तेच. सरांना आकड्यांसकट मेल टाकली. शेवटी ‘आटलं, सर’ असं लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी खोडलं.

उत्तर नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी शिरोली. धनाजीला नवा कंपायलर द्यायला गेले. फाउंड्रीतलं आमचं सगळं काम तोच बघतो, कॉलेजपासून माझ्या वर्गातला, कुरुंदवाडचा. सकाळी रानात पाणी पाजून मग मोटारसायकलनं कामावर येणारा. पाझरमधला भट्टीचा हिशेब पूर्ण त्यानं लिहिलेला. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना तपासायचा, रीडिंगं प्रोग्रॅमला द्यायची, प्रोग्रॅमनं सांगायचं की सिलिकॉन किती टाका, कार्बन किती टाका. ते टाकलं की ओतायचं.

तो चहा आणायला गेला आणि त्याच्या स्क्रीनवर पाझर नव्हतीच. दुसरीच भाषा. तोच भट्टीचा हिशेब, निम्म्याहून जास्त लिहून झालेला.

आल्यावर विचारलं, हे काय. त्यानं लपवलं नाही.
‘सुर्वे मालकांनी सांगितलंय. तुझं जमलं तर ह्ये फेकून देऊ. न्हाय जमलं तर भट्टीवरची माणसं काय आपल्या तोंडाकडं बघत बसणार हायत व्हय?’
‘मला सांगायचं होतंस.’
‘सांगितलं असतं तर तू चिडली असतीस. आता चिडलीयास न्हवं? म्हंजे एकच झालं.’

चहा न पिता निघाले. पंचगंगेच्या पुलावर येईपर्यंत राग होता. पुढे कमी झाला. त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिलंच असतं. पण सांगून.

३ मार्च, मंगळवार
आज पहिली चाचणी. चालू कॉम्प्युटरला हात लावला नाही, शेजारी दुसरा मांडला आणि खरी रीडिंगं दोन्हीकडे सोडली.

जुन्याचं उत्तर आलं. नव्याचं आलंच नाही. म्हणजे आलं, पण तोवर भट्टी ओतून रिकामी.

भट्टीचे मुख्य पोवार मामा. गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत स्क्रीनजवळ आले, बघितलं, मला काही बोलले नाहीत. धनाजीला म्हणाले, ‘ह्ये नवीन का?’ आणि गेले. धनाजी वायरी गुंडाळायला लागला. चार शब्द बोलला असता तरी बरं झालं असतं.

संध्याकाळी सुर्वेसाहेबांचा फोन. चाचणी यात्रेनंतरच आहे ना, मग आज काय झालं ते मला ऐकायचं नाही, म्हणाले. भला माणूस, पण दमवतो.

४ मार्च
अजून उपाय सापडलेला नाही. नमुन्यांवर वेगवान, फाउंड्रीच्या प्रोग्रॅमवर ठप्प. उत्तर मात्र दोन्हीकडे शेवटच्या दशांशापर्यंत तेच. म्हणजे चुकीचं काम होत नाहीये, बरोबर काम पुन्हा पुन्हा होतंय. कुठलं, ते शोधायचं.

सापडेल. याबद्दल मला शंका नाही. कधी, याबद्दल आहे.

६ मार्च
कंपायलरमधल्या प्रत्येक फेरीनंतर प्रोग्रॅम कसा दिसतो ते छापून घेतलं आणि हॉलमध्ये फरशीवर पसरलं. महेश त्यावरून पाय चुकवत स्वयंपाकघरात जातो. विचारत नाही. आज कुकरही त्यानंच लावला.

८ मार्च, रविवार, रंगपंचमी
सापडलं.

बाहेर गल्लीत पिंप भरून रंग, स्पीकर, पोरं बोंबलतायत. महेशला खाली ओढून नेलं. मी कागदांवर. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधे एक ओळ.

धनाजीच्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा तक्ता बनतो, कुठल्या मिश्रधातूनं किती फरक पडतो त्याचा. एकदाच बनतो, मग प्रत्येक रीडिंग त्यात बघितलं जातं. तो तक्ता वापरणारं एक छोटं फंक्शन आहे. मोजणी झाली तेव्हा त्याला एकाच ठिकाणाहून, रीडिंगं यायच्या आधी एकदाच हाक होती, म्हणून त्यावर शिक्का ‘एकदाच चालणार’. बरोबर शिक्का. मग पहिल्या फेरीत ते फंक्शन, स्वतः स्वस्त म्हणून, दुसऱ्याच्या पोटात उतरलं, आणि ते दुसरं प्रत्येक रीडिंगला चालणारं. आता हेही प्रत्येक रीडिंगला चालणार. पण शिक्का जुनाच. दुसऱ्या फेरीनं शिक्का वाचला, म्हणाली, एकदाच चालतंय ना, मग तक्ता बनवायचं काम यातच ढकलू. ढकललं. प्रत्येक रीडिंगला सबंध तक्ता नव्यानं.

शिक्का खोटा नव्हता. शिळा होता.

मोजणी एकदाच करायची हे मीच ठरवलं होतं, वेळ वाचावा म्हणून. प्रत्येक फेरीच्या आधी परत मोजायचं, बस्स. कंपाइल व्हायला थोडा जास्त वेळ जाईल. तो माझा वेळ, भट्टीचा नाही.

खाली जाऊन महेशला सांगितलं. तो नखशिखान्त हिरवा होता. म्हणाला, मग आता तुला रंग लावला तर चालेल ना. चालला.

१० मार्च
दुरुस्ती पूर्ण. फाउंड्रीच्या जुन्या रीडिंगांवर चालवलं. धनाजीला फोनवर फक्त वेळ ऐकवली. त्याचा विश्वास बसेना. मग: ‘परत एकदा चालीव.’ परत चालवलं. ‘हं. बरं हाय की.’ त्याच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ.

त्यानं त्याचं लिहिणं थांबवलं का हे विचारलं नाही. थांबवलं नसणारच.

१४ मार्च, शनिवार
सकाळी सरांचा फोन. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. ‘एकमेकांना हाका मारणारी दोन फंक्शनं असली तर तू अडवतेस कुठलं?’

म्हणजे इतके दिवस माझा कोड वाचत होते. सबंध.

प्रश्न खरा आहे. पहिल्यात दुसरं उतरवायचं, त्यात परत पहिलं, त्यात परत दुसरं, हे संपणारच नाही. दोघांपैकी एकाला ‘हे उतरवायचं नाही’ म्हणून अडवावंच लागतं. मी मोठं असेल ते अडवते. सर म्हणाले, चूक. बाहेरून ज्याला जास्त हाका येतात ते मोकळं ठेवायचं, मग ते मोठं का असेना. मी म्हटलं, मोठं मोकळं ठेवलं तर फुगेल. ते म्हणाले, मोजून बघ.

मोजून बघितलं. लायब्ररीतल्या बहुतेक जोड्यांत त्यांचं बरोबर. एका जोडीत माझं, आणि तिथे त्यांनी पूर्वी चुकीची खूण केलेली. दोन्ही कळवलं.

उत्तर लगेच आलं: ‘ती जोडी मला आधीपासून खटकत होती.’ मुळीच खटकत नव्हती.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारून दुपारी दोघं जयसिंगपूरला. महेश आणि सर उसाच्या भावावर बोलत बसले, मी त्यांच्या जुन्या टेबलावर त्यांचा नियम माझ्या इनलायनरमध्ये घातला. कुणाचं नाव लिहायचं म्हणून विचारलं तर म्हणाले, नियमाला नाव नसतं. मी लिहिलं तरी.

निघताना फाटकापर्यंत आले. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या भट्टीजवळ बाहेरच्या माणसाला जाऊ देतात का. एवढी वर्षं भाषा चालतेय तिथे आणि सर कधी गेलेच नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२७ मार्च
सुर्वेसाहेबांनी नियम ठरवला. चाचणीच्या दिवशी पाझर चालू कॉम्प्युटरवर, धनाजीचा नवा प्रोग्रॅम शेजारी. दोन्हींना तीच रीडिंगं. धनाजीनं पूर्ण केला तर. मी म्हटलं, केलाय पूर्ण? तर धनाजीच म्हणाला, ‘परवाच झाला.’ छान झालाय म्हणे. वाचायला मागितला. त्यानं दिला. खरंच छान झालाय.

१ एप्रिल
भट्टी बंद. पोवार मामा, धनाजी, निम्मी फाउंड्री जोतिबाला. धनाजीचा डोंगरावरून फोटो आला, गुलालानं नुसते दात दिसतायत. खाली लिहिलंय, ‘तुझ्याबी नावानं खोबरं उधळलंय.’ मी लिहिलं, दोन्ही प्रोग्रॅमच्या नावानं उधळ. ‘उधळलंय.’

७ एप्रिल, मंगळवार
चाचणी.

सरांना महेशनं गाडीतून आणलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जणू लग्नाला निघालेत. आत शिरल्यावर आवाजानं आणि उकाड्यानं थबकले. पोवार मामा कुठून तरी आले आणि त्यांना दंडाला धरून मागं घेतलं. ‘पावणं, लांब थांबा. ठिणगी सांगून येत न्हाय.’ सर आज्ञाधारक पोरासारखे जमिनीवर आखलेल्या रेषेच्या मागं.

नमुना काढला, लॅबमध्ये गेला, रीडिंगं आली. मी स्क्रीनकडे बघितलं नाही, मामांकडे बघत होते. ते स्क्रीनकडे यायला निघाले होते, अर्ध्या वाटेत असताना आकडा आला. त्यांना थांबावं लागलं नाही. वाचला, मान हलवली, मागं वळून पोरांना सांगितलं. पोरांनी तोलून टाकलं. मग भट्टी कलली आणि लोखंड आलं.

सर म्हणाले, ‘हे आपलंच उत्तर?’
‘आपलंच, सर.’
‘एवढ्यात?’
‘एवढ्यातच.’

दिवसभर तसंच चाललं, एकदाही भट्टी धरून ठेवावी लागली नाही. धनाजीचा प्रोग्रॅमही चालला, माझ्याइतकाच झटपट, किंचित जास्तच. ते मी मान्य केलं, त्याच्यासमोर. सुर्वेसाहेब हसत होते.

परत जाताना सांगली फाट्यापर्यंत सरांचा एकच विषय. मामांनी आकडा वाचून मान हलवली ती. विचारात न पडता हलवली, बघितलंस का? बघितलं, सर. महेशलाही विचारलं. तो तर तिथे नव्हताच, गाडी लावायला गेला होता. तरी म्हणाला, बघितलं.

८ एप्रिल
सुर्वेसाहेब: दोन्ही चांगले आहेत हीच पंचाईत. आठवडाभर दोन्ही शेजारी शेजारी चालू देत, मग ठरवू. पाझर ठेवायची तर कंपायलर सांभाळणारी माणसं ठेवावी लागतात, दुसऱ्या भाषेला जग आहे. मी म्हटलं, जगाला आपली भट्टी माहीत नाही. हसले. हसण्यावर जाण्यात अर्थ नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
सकाळी धनाजीचा फोन. नेहमीचा आवाज नव्हता. ये म्हणाला.

कालपर्यंत दोन्ही प्रोग्रॅमचे आकडे जुळत होते. आज एका भट्टीला, म्हणजे लोखंडाच्या एका घाण्याला, जुळले नाहीत. माझा सांगतो सिलिकॉन थोडं जास्त टाका, त्याचा सांगतो टाकूच नका. चालू कॉम्प्युटरवर पाझर, त्यामुळे मामांनी पाझरचं ऐकलं आणि ओतलं. आता ते सगळे साचे बाजूला काढून ठेवलेत, लाल खडूनं फुली मारून.

पहिला संशय अर्थातच माझ्या इनलायनरवर. तो मी तिथेच फेडला. बाजूला ठेवलेला जुना कंपायलर काढला, सरांच्या खुणांसकटचा, तीच रीडिंगं दिली. आकडा तोच आला, माझ्यासारखाच. मग इनलाइन करणं पूर्ण बंद करून चालवलं. तोच. होणारच होता तोच. हाकेच्या जागी मजकूर उतरवला म्हणून उत्तर बदलत नाही, पाझरमध्ये तर नाहीच, तिच्यात तोच प्रश्न विचारला की कधीही तेच उत्तर येतं. कंपायलरमध्ये चूक नाही हे मी साहेबांना लिहून द्यायला तयार आहे.

म्हणजे फरक सूत्रात. पाझरमधलं सूत्र धनाजीनं लिहिलेलं. दुसऱ्या भाषेतलंही धनाजीनंच.

त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो खुर्चीत मागं टेकला. मग म्हणाला, ‘म्हंजे एका ठिकाणी तरी मी बरोबर हाय.’ आणि आम्ही दोघं हसायला लागलो, लॅबमधली माणसं वळून बघेपर्यंत.

सरांना फोन केला. ते पोवार मामांचं काय म्हणणं आहे हे विचारत होते. मामांचं म्हणणं, ओतताना लोखंड बरं दिसलं. सर म्हणाले, मग बरं असणार. मी म्हटलं, सर, हे पुरावा म्हणून चालत नाही. ‘माहीत आहे,’ म्हणाले.

त्या भट्टीचा तुकडा कापून लॅबला दिलाय. तो तोडून बघतील तेव्हा कळेल कुणाचा आकडा खरा. साहेबांनी सांगितलंय, तोवर काही ठरवत नाही. दोन्ही कॉम्प्युटर चालू आहेत. दुपारी पुढची भट्टी आली, त्यात दोन्हींचे आकडे जुळले, मामांनी मान हलवली.

मी पाझरच्या बाजूनं आहे. धनाजीला विचारलं, तू कुणाच्या.
‘तुकड्याच्या,’ म्हणाला.